सुमेधाताईंचा कॅम्पर आणि आमचा वजनकाटा

आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये नवऱ्याने गाडी चालवायची आणि बायकोने शेजारी बसून "हळू, हळू" म्हणायचं, अशी पद्धत आहे. सुमेधाताईंनी ती उलटी केली. त्या नागपूरच्या, इथे लॅबमध्ये रक्त तपासतात. ब्याऐंशी साली त्यांनी एका म्हाताऱ्याकडून जुना सोळा फुटी कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला आणि शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दर रविवारी स्टेशन वॅगनमागे तो ओढायला शिकल्या. यजमान दिगंबरराव तेलकंपनीत इंजिनिअर. ते शेजारी नकाशा धरून बसतात.

मला त्या कॅम्परची धास्तीच. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या दीपाला नदीकाठच्या पार्कमध्ये तीन दिवस न्यायचं ठरवलं, तेव्हा मी आठवडाभर नाहीच म्हणत होते. शेवटी म्हटलं, मीही येईन, तरच.

निघायच्या सकाळी त्यांनी आमच्या बाथरूममधला वजनकाटा मागवला. कॅम्परची पुढची दांडी, त्या तिला नाक म्हणतात, ठोकळा ठेवून काट्यावर टेकवली. त्या काट्याकडे माझा नवरा संजीव वर्षभर फिरकला नव्हता!

"दोनशे तीस पौंड," सुमेधाताई खूश झाल्या. "सगळा कॅम्पर दोन हजार. नाकावर दहावा हिस्सा तरी हवाच, थोडा जास्त असला तर उत्तम. शेपूट जड झालं की तो झुलतो, आणि आपल्यालाही झुलवतो."

"थिअरी माझी, हात हिचे," दिगंबरराव म्हणाले.

"तुमच्या थिअरीने शेजाऱ्यांची मेलबॉक्स पाडली होती," सुमेधाताई म्हणाल्या.

मी हसले. आणि सगळे चहाला आत गेल्यावर कॅम्परच्या मागच्या कपाटात पाण्याचे दोन मोठे कॅन, वीस पौंड तांदूळ आणि सासूबाईंनी विमानातून आणलेला दगडी खलबत्ता कोंबला. शेपटीचं सगळं ऐकलं होतं. पण तिथलं पाणी बाधलं तर? दीपा उपाशी राहिली तर?

तासाभराने हायवेवर एक अवाढव्य ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने कॅम्पर डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. वॅगनचं बूड कुणी धरून हलवावं तसं हलायला लागलं.

"ब्रेक दाबा! ब्रेक!" मी किंचाळले.

"कोणी काही दाबणार नाही," सुमेधाताई म्हणाल्या. अगदी भाजी निवडताना बोलावं तशा. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि डॅशबोर्डखालची छोटी दांडी हाताने हळूच दाबली. तिने फक्त कॅम्परचे ब्रेक लागतात. मागून कुणी शेपूट धरून ओढल्यासारखं झालं आणि कॅम्पर सरळ झाला.

"डू इट अगेन, काकू!" दीपा ओरडली.

रस्त्याच्या कडेला थांबून सोबत घेतलेल्या काट्यावर नाक पुन्हा टेकवलं, तर काट्याने सांगितलं, दीडशे.

"ऐंशी पौंड गेले कुठे?" दिगंबरराव नकाशात बघायला लागले.

दीपाला जपायला आले होते आणि तिला उलथवणारी मीच निघाले असते. मी कपाट उघडलं.

सुमेधाताईंनी खलबत्ता दोन्ही हातांनी उचलला, माझ्याकडे पाहिलं. "अगं, नदीवर चटणी कुटणार होतीस?"

आणि मग त्या हसल्या. मी हसले, रडले, पुन्हा हसले. रणरणत्या उन्हात तांदूळ हातोहात पुढे गेले, कॅन चाकांच्या पुढे, खलबत्ता अगदी नाकापाशी. प्रत्येक वेळी दीपा काट्यावर वाकून आकडा ओरडायची, "वन नाइंटी! टू टेन!" अडीचशेला आम्ही टाळ्या वाजवल्या. जाणारे ट्रक हॉर्न देत होते, कशाबद्दल कोण जाणे.

"तुला भीती वाटते ना?" निघताना सुमेधाताई म्हणाल्या. "मग आजपासून काटा तुझ्याकडे. तू हो म्हटल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही."

त्यानंतर चार सहली झाल्या. उद्या पहाटे पाचवी. काटा दाराशी ठेवलाय, दीपा कधीच झोपलीय, आणि मी हे लिहीत बसलेय, कारण स्वयंपाकघरात बेसनाच्या लाडवांचा एक डबा उरलाय आणि कॅम्परचं मागचं कपाट रिकामं आहे.

नाही. डबा मी मांडीवर घेऊन बसेन.