तीन महिने आंघोळ नाही

आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त काही असेल तर तो साबण. चेन्नईत अण्णा नगरला मेट्रोपासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर आमची संशोधन संस्था होती आणि तिच्या मीटिंगच्या खोलीत साबणाची खोकी छतापर्यंत रचून ठेवलेली होती. सकाळी दार उघडलं की लिंबाचा खोटा, औषधी वास नाकात घुसायचा. तो वास आजही कुठे आला तर मला मळमळतं, आणि मळमळावं असंच मी त्या साबणाच्या जोरावर केलेलं आहे.

अभ्यासाचा विषय होता किशोरवयीन मुली आणि कोवळ्या वयात आई झालेल्या बायका यांचं स्वास्थ्य. आमच्या मॅडम त्याला 'वेलबीइंग' म्हणत. त्या स्वतः डॉक्टर, नेहमी हातमागाच्या साडीत, आणि हा शब्द उच्चारताना त्या डोळे थोडे मिटत. आम्ही आठजणी टॅबलेट घेऊन कूवम नदीच्या काठच्या वस्त्यांत जायचो. नदी म्हणायची ती सवयीने, नाकाला पदर लावल्याशिवाय तिच्याजवळ उभं राहवत नाही. तिथे पत्र्याखाली बसून, सकाळपासून पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या पोरीला विचारायचं, "गेल्या दोन आठवड्यांत तुला भविष्याबद्दल किती वेळा आशा वाटली? नेहमी, बऱ्याचदा, क्वचित?" पोरी हसायच्या. आम्ही 'बऱ्याचदा' वर बोट ठेवायचो आणि पुढे सरकायचो.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची केंद्र सरकारी नोकरी, बदली होऊन चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलमला फ्लॅट घेऊन राहिलो. माझं तमिळ भाजीवाल्यांशी हुज्जत घालून आणि दुपारच्या मालिका बघून जमवलेलं. भाव पाडता यायचा, रिक्षावाल्याला झापता यायचं, सासवा-सुनांची भांडणं कळायची. एवढ्या भांडवलावर मी नोकरीच्या अर्जात 'तमिळ : उत्तम' असं लिहून मोकळी झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलाखत मॅडमनी इंग्रजीतच घेतली, त्यामुळे माझी परीक्षा कुणी घेतलीच नाही.

ती वस्ती नदीच्या अगदी कडेला होती. मे महिना, वर पत्रा तापलेला. मुलीचं वय विचारलं तर आई झटकन अठरा म्हणाली. मुलगी फार तर सोळाची असेल. गळ्यात पिवळा दोरा होता, म्हणजे लग्न झालेलं. चेहरा पांढुरका, ओठांना रंग नाही. ती माझ्या एकाही प्रश्नाला धड उत्तर देईना, भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. मी टॅबलेट मिटायला लागले तेव्हा आई माझ्याजवळ सरकली, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पोण्णु मूणु मासमा मुळुगामे इरुक्का, अम्मा. एळुदिक्कोंगो."

एवढं तमिळ मला येत होतं. पोण्णु म्हणजे मुलगी, मूणु मासमा म्हणजे तीन महिने, मुळुगणं म्हणजे डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ करणं, आणि 'मुळुगामे' म्हणजे ती न करता. मुलगी तीन महिने न्हायलेली नाही, लिहून घ्या. मला काय वाटलं ते खरं सांगते. मला किळस आली. त्या पत्र्याखालच्या उकाड्यात, त्या नदीच्या वासात, तीन महिने आंघोळ नाही! मी नकळत गुडघे मागे घेतले. मग स्वच्छतेचं पान उघडलं, 'आंघोळ : क्वचित किंवा कधीच नाही' वर बोट दाबलं, पिशवीतून साबणाच्या चार वड्या आणि चित्रांचं पत्रक काढलं आणि त्या आईला, माझ्याहून वयाने मोठ्या बाईला, रोज आंघोळ का करावी यावर पाच मिनिटं भाषण दिलं.

ती ऐकून घेत होती. मधेच एकदा तिने परत विचारलं, "लिहिलंत ना, अम्मा?" मी म्हटलं, लिहिलं. तिला केवढं बरं वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं, आणि मला वाटलं, साबण मिळाला म्हणून.

जुलै संपता संपता एका संध्याकाळी मी खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे विरजणापुरतं दही आणायला गेले. मावशी तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण ती मराठी इथेच मुरलेली, जुनी आणि तमिळ हेल काढून बोललेली. दह्याची वाटी हातात देत त्या खुशीत म्हणाल्या, "माझी सून मुळुगामे आहे. तुम्हांस कळलें कीं नाही?"

मी म्हटलं, "अरेरे, ताप आहे का? डॉक्टरला दाखवलंत?"

मावशी पोट धरून हसल्या. "अय्यो! ताप कशाला? चौथा महिना आहे तिला. महिन्याचें न्हाण आलें नाही म्हणजे काय, तें बाईमाणसाला सांगायला हवें कां? तुमच्या तिकडे न्हाण म्हणत नाहीत?"

म्हणतात. माझी आई म्हणायची. अमकीला न्हाण आलं, तमकी न्हातीधुती झाली. पाळी हा शब्द आमच्या घरात मोठ्याने कुणी काढला नाही, सगळं न्हाणावरच भागायचं. हा शब्द माझ्या स्वतःच्या भाषेत होता आणि मला तो दुसऱ्या भाषेत ओळखता आला नाही. आमच्या आठजणींत बाकी सातजणी इथल्याच, त्यांतल्या कुणालाही त्या आईने हे सांगितलं असतं तर जागच्या जागी कळलं असतं. तिच्या नशिबी 'तमिळ : उत्तम' आली.

दही तसंच ओट्यावर ठेवलं आणि मी हिशेब करत बसले. तेव्हा तीन महिने, आता पाच होऊन गेले असणार. आमचा नियम असा होता की मुलगी गरोदर निघाली तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तिला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात पोचवायचं. ती आई स्वतः का गेली नाही हेही मला आता कळलं. मुलगी अठराच्या आतली असली की दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं आणि जावई आत जातो, हे वस्तीत सगळ्यांना पाठ. म्हणून तिने दाराकडे बघत, आडून सांगितलं होतं, ऑफिसच्या बाईला. बाईने लिहून घेतलं म्हणजे आता कुणीतरी येईल आणि गुपचूप काहीतरी करेल, असं समजून ती बसून राहिली असणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं, तिने मूल सांगितलं आणि मी साबण दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. रडू येत होतं, पण रडले नाही. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली.

"पहिल्या फेरीची माहिती आपण लॉक केली आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता एक उत्तर बदललं की सगळ्याच उत्तरांवर प्रश्न येतील."

"मॅडम, उत्तर राहू दे. मुलीला केंद्रात नेऊ या."

"फेऱ्यांच्या मध्ये आपण जाऊन काही केलं तर ती ढवळाढवळ होते. दुसऱ्या फेरीत येईलच की ती." मग, "आणि वय सोळा म्हणताय तुम्ही. पोलीस, वकील. बाहेरचे पाहुणे पुढच्या आठवड्यात येताहेत. तुम्ही वय अठरा लिहिलंय ना? मग ती अठराची आहे."

हे त्या डोळे थोडे मिटूनच म्हणाल्या. त्यांच्या मागे भिंतीवर पाहुण्यांसाठी केलेला तक्ता लावलेला होता आणि त्यात स्वच्छतेचा खांब सगळ्यात उंच, हिरवा. दुसरी फेरी व्हायच्या आधीच, साबण वाटल्यापासून वस्त्यांत आंघोळी वाढल्या होत्या म्हणे. मी कॉफीचा कप मागे सारला. या बाईने पोरींच्या आरोग्यावर जगभर भाषणं दिली आहेत. पण तिच्यापाशी निदान कातडी वाचवण्याचं कारण होतं. माझ्यापाशी काय होतं, नुसता माज. मी उठले आणि कुणाला न विचारता वस्तीत गेले.

मुलगी तिथेच, त्याच भिंतीला टेकून बसली होती. पोट आता लपण्यासारखं नव्हतं. पाय सुजून घोट्यांची हाडं दिसेनाशी झाली होती, डोकं दुखतंय म्हणून तिने कपाळाला फडकं आवळून बांधलं होतं. आईने मला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. "आलात, अम्मा," एवढंच म्हणाली. तिला वाटलं, लिहिल्याचं आता फळ आलं. मी काहीच समजावलं नाही. रिक्षा बोलावली.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते मला ताणून सांगवत नाही. आरोग्य केंद्रातून तिला त्याच दुपारी मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. मुलगी वाचली. बाळ वाचलं नाही. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी होतं आणि दाब फार चढला होता, दोन्ही आधी कळलं असतं तर गोळ्यांनी आवरता आलं असतं. मी महिन्याभराने नोकरी सोडली. त्यात मोठेपणा नाही, मला तिथे जेवण जाईना.

पण रोज आठवतं ते इस्पितळ नव्हे. आठवतं ते त्याच्या आधीचं, आरोग्य केंद्रातलं. नर्सने मुलीच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, परत मोजला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि मग आईवर तुटून पडली. सहा महिने काय झोपली होतीस? आई आहेस का कोण आहेस? कुणाला एका शब्दाने सांगता येत नव्हतं?

"सांगितलं होतं," आई म्हणाली. "ऑफिसातून एक अम्मा आली होती. तिला सांगितलं. तिने लिहून घेतलं."

"कुठलं ऑफिस? कोण अम्मा?"

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, मुलीची चप्पल हातात धरून. आईने माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. पट्टा बांधलेल्या त्या दंडाकडे बघत ती म्हणाली, "तेरियादु." माहीत नाही.

नर्सने कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळली. माझी साडी, माझी पर्स, माझा चष्मा बघून तिला मी आपल्यातली वाटले असणार. "बघा मॅडम," ती म्हणाली, "खोटं कसं बोलतात. आंघोळ करत नाहीत, दवाखान्यात येत नाहीत आणि दोष ऑफिसला. या लोकांना काही सांगून उपयोग आहे का?"

आणि मी, नाही उपयोग, अशी मान हलवली.