मऊ हातमोजा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी दाढ दुखण्यापासून स्टाफरूममधल्या भांडणापर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. गोष्ट तशी गाडी धुण्याच्या हातमोज्याची आहे, म्हणजे सुरुवातीला तुम्ही हसाल. हसा.

मी नांदेडला राहतो, विष्णुपुरीच्या बाजूला, आणि एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घर्षण हा माझा हातखंडा विषय. तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली, चकचकीत काळी. अण्णा, म्हणजे माझे वडील, उमरीकडच्या आमच्या गावाहून ती बघायला आले आणि काळ्या रंगावर धूळ लई दिसते एवढंच म्हणाले. मी मात्र त्या रंगासाठी वेडा झालो होतो. फडक्यानं पुसली तर चरे पडतात, स्पंजात खडे अडकतात, मग पुसायचं कशानं? महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. शेवटी एक हातमोजा ठरवला — जाड, मऊ, शेवयांसारखे धागे लोंबणारा. त्या धाग्यांत माती आत जाते, वर राहत नाही. मला पसंत करायला तुम्हाला एक दुपार पुरली होती, असं बायको म्हणाली.

रविवारी तो हातात घालून मी गाडी धुवायला घेतली. शेजारी बांधकाम चालू होतं, रेतीचा ढीग पार आमच्या गेटपर्यंत आलेला. हातमोजा निसटला आणि त्या रेतीत पडला. पाण्याची बादली चार पावलांवर होती. चारच. मी तो झटकला, पुन्हा हातात घातला आणि बॉनेटवरून फिरवला. खर्र असा आवाज आला. ऐकू आला नाही का? आला. तरी हात आणखी दोनदा फिरला — का, ते मला अजून कळलेलं नाही. बॉनेट वाळल्यावर बघितलं तर चंद्रकोरीसारखे चरेच चरे.

आता बघा, याआधी महिनाभर मी सगळ्या घराला भाषण दिलेलं. बॉनेटवर पिशवी ठेवायची नाही, टेकायचं नाही, बोट लावायचं नाही. आणि आता कुणाला काय सांगणार? मी गाडीवर कव्हर घातलं आणि चार दिवस मोटारसायकलनं क्लासला गेलो. बांधकामाची धूळ फार आहे, रंग जपायला हवा, असं सांगत होतो.

पाचव्या दिवशी पोळा होता. अण्णा डोळे तपासायला आमच्याकडे आले होते. गुडघ्यांमुळे बैलजोडी विकून त्यांना दोन वर्षं झाली होती. जन्मभर पोळ्याच्या सकाळी त्यांनी बैल ओढ्यावर नेऊन धुतलेले. त्या दिवशी हात मोकळे ठेवून ते बसतील कसे? मी उठून खाली आलो तर कव्हर घडी करून ठेवलेलं, गाडी न्हाऊन निघालेली, आरशाला झेंडूची माळ आणि बॉनेटवर हळदकुंकू. आपल्या जुन्या धोतराचा तुकडा घेऊन अण्णा बाजूला उभे होते. चेहरा असा फुललेला की काय सांगू. बायको तर पुरणपोळीचा नैवेद्य आणते म्हणून चेष्टा करत होती. तेवढ्यात ऊन बॉनेटवर आलं. ती वाकली आणि हे चरे कसले म्हणून विचारू लागली.

इथं थांबावंसं वाटतं. पण सांगतो.

मी म्हणालो, "अण्णा, कशानं पुसली गाडी?"

बस्स, एवढंच. खोटं बोललो का? शब्दशः नाही. मी फक्त विचारलं — उत्तर माहीत असताना विचारलं.

अण्णांनी धोतराचा तुकडा पुढे केला. बायकोनं तो चुरगाळून बघितला, लोण्यासारखा मऊ होता. मग अण्णांनी आपले दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. नांगराच्या रुमण्यानं, कासऱ्यानं घट्टे पडलेले, भेगाळलेले तळवे.

"हाताचंच हाय हे," ते म्हणाले. "धोतर सरकलं आसंल अन् हात लागला आसंल. लई खरबरीत झालेत."

माणसाच्या तळव्यानं असे चरे पडत नाहीत. मी फिजिक्स शिकवतो, मला हे कळत नव्हतं? आणि तरी मी काय म्हणालो, माहीत आहे? "जाऊ द्या अण्णा, असू द्या." मी त्यांना माफ केलं! बायको दिवसभर माझं कौतुक करत होती, की एवढी जिवापाड जपलेली गाडी, पण वडिलांना एका शब्दानं बोलले नाहीत. मी ते कौतुक पुरणपोळीबरोबर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला हट्टानं बाजारात घेऊन गेले. स्वतः निवडून हातमोजा घेऊन द्यायचा होता त्यांना. बैलाच्या तोंडाभोवती बांधायची दोरीची नवी मोरकी घालायच्या आधी ते ती स्वतःच्या गालावर, डोळ्याखाली घासून बघायचे. काचली तर परत. दुकानात तसाच एकेक हातमोजा गालावर फिरवत उभे राहिले. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो, याचीही मला लाज वाटते. चार परत केल्यावर पाचवा त्यांना पटला.

"ह्यो घे," ते म्हणाले. "अन् खाली पडला की आधी धू, मंग लाव. रेती धरून ठिवतो."

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मातीत जन्म गेलेला माणूस मातीविषयी बोलत होता. पण मला सांगायची ती दुसरी संधी होती, आणि मी नुसती मान हलवली.

त्यानंतर अण्णांनी गाडीला हात लावलेला नाही. दार कुणीतरी उघडेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहतात. पाहुण्यांना स्वतःहून सांगतात, नवी गाडी म्या खराब केली, पण पोरगं माझं चकार शब्द बोललं न्हाई. चरे पॉलिशनं केव्हाच गेले.

यंदा, लग्नानंतर नऊ वर्षांनी, आम्हाला मुलगी झाली. बारशाला अण्णा आले. बायकोनं लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं. किती वाट पाहिली होती त्यांनी तिची! त्यांनी हात पुढे केला, मध्येच थांबवला, पालथा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूनं तिचा गाल हळूच कुरवाळला. बायको म्हणाली, अण्णा, नीट हात फिरवा की.

"नगं," अण्णा म्हणाले. "ओरखडा उठंल. माझा हात तसला हाय."

मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. मी ते पुढच्या पाहुण्यांकडे घेऊन गेलो.