रविवारची टोपी

"बाई, तुमच्या डोक्यात गाठबीठ काही नाही. दुखणं तुमच्या यजमानांच्या टोपीत आहे," डॉक्टर म्हणाले. परळच्या इस्पितळात मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, पेशंटच्या गर्दीने ह्यांचंच डोकं फिरलं असावं.

कित्येक महिने दर रविवारी माझं कपाळ ठणकायचं, छाती धडधडायची. सोमवारी दुपारी मी पुन्हा ठणठणीत. एक्सरे झाला, डोळे तपासले, बाकावर बसून बसून कंबर धरली. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "हिका मुंबयची हवा मानवणा नाय. गावाक धाडून दी." मला रडूच कोसळलं. लग्नानंतर वर्षानुवर्षं गावी वाट बघितली, तेव्हा कुठे लालबागच्या खोलीत आमचा संसार सुरू झाला होता.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला सोडून ह्यांचीच चौकशी केली. हे शिवडीकडे स्फोटकांच्या गोदामात होते. खाणीत दगड फोडायला लागणाऱ्या सुरुंगाच्या कांड्या तिथे ठेवत. पेट्या अधूनमधून उलटवायच्या, कांड्यांना तेल सुटलंय का बघायचं आणि सुटलं असेल तर साहेबांना कळवायचं, हे ह्यांचं काम.

"टोपी घरी आणतात?" डॉक्टरांनी विचारलं. ते पूर्वी खाणीवरच्या दवाखान्यात होते.

"आणतात? शनिवारी रात्री घालतात ती सोमवारी कामावर जाईपर्यंत उतरत नाही. टोपी घालूनच झोपतात, आणि उशी आमच्यात एकच."

चाळीला तर वाटायचं, संयुक्त महाराष्ट्र मिळेपर्यंत रविवारी टोपी काढायची नाही असा ह्यांनी पणच केलाय. लोक कौतुकाने चहा पाजायचे. हेही पठ्ठे मुकाट्याने प्यायचे!

डॉक्टर पोट धरून हसले. मग समजावलं, याला 'नायट्रोग्लिसरीन हेडेक' म्हणतात. नायट्रोग्लिसरीन म्हणजे कांड्यांतलं स्फोटक तेल. ते कातडीतून अंगात जातं, रक्तवाहिन्या फुगतात, डोकं ठणकतं. रोज हाताळणाऱ्याला सवय होते, पण रविवारच्या सुट्टीत ती मोडते आणि सोमवारी डोकं उठतं. म्हणून काही जुने कामगार सुट्टीतही तेलकट टोपी घालून बसतात. सवय टिकते. ह्यांचा सोमवार वाचत होता आणि माझा रविवार जात होता.

"अंघोळीच्या वेळी टोपी कुठे असते?"

"चुलीवरच्या दोरीला."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "ते तेल आगीजवळ? पुन्हा ती घरात आणायची नाही." त्यांनी लगेच गोदामाच्या साहेबांना फोन लावला.

तेव्हापासून हातमोजे आले, कपडे आणि टोपी गोदामातच राहू लागली, अंघोळ करूनच घरी यायचं ठरलं. सुरुवातीचे सोमवार ह्यांना जड गेले. मी बाम चोळत होते आणि पदराआड हसत होते.

बायांनो, डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपलं दुखणं सांगाच, पण घरातला माणूस काय काम करतो तेही सांगा. मला ते विचारणारा डॉक्टर भेटला, हे माझं नशीब.

टोपी घरातून गेल्यावर पहिल्याच रविवारी मी सकाळपासून दुखण्याची वाट बघत बसले. ते आलंच नाही. महिनाभराने सासूबाई गावाला निघाल्या, एकट्याच. "तू हयच रव," म्हणाल्या, "माझ्या झिलाक तूच सांभाळ." मी वाकून नमस्कार केला तेव्हा डोळे भरून आले होते, पण डोकं अगदी हलकं होतं.