थाळीखालची जागा

तानी आमच्या सोसायटीची माळीण. बेटेगावात आमच्या दोन इमारती, मध्ये हातभर बाग, आणि त्या बागेत गेली अकरा वर्षं तिचा हात. माझं आणि तिचं कधी पटलं नाही. मी तारापूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मापनयंत्रं दुरुस्त केलेला माणूस. कोणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही. ती पाणी घालायला लागली की मी बाल्कनीतून सूचना सुरू करायचो, आणि ती पाण्याची नळी खुशाल माझ्या स्कूटरवर वळवायची. बायको म्हणायची, "तुम्हाला कोणी विचारलंय का?" कोणीच विचारलेलं नसायचं.

जानेवारीत मी सोसायटीची सहल ठरवली. नारायणगावच्या पलीकडची रेडिओ दुर्बीण. यादी लावली त्याच दिवशी तानी दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, मला बी न्या."

"तुला काय कळणार तिथलं?" मी म्हणालो. आज हे वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिने सांगितलं ते असं. तीसएक वर्षांपूर्वी भातकापणी झाल्यावर ती आणि तिचा नवरा जिवल्या जव्हारकडच्या पाड्यावरून घाट चढून कामाला गेले होते. दुर्बिणीच्या थाळ्या तेव्हा उभ्या राहत होत्या. हे दोघे खड्डे खणायचे, सिमेंट वाहायचे. तीन महिन्यांची पोर बरोबर होती. पौषातल्या थंडीत तिची छाती भरली आणि दोन दिवसांत ती गेली. तिला तिथेच, फाटकाजवळच्या थाळीखाली पुरलं. आता जिवल्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. दिवाळीपासून अन्न तुटलं होतं, आणि त्याचा एकच धोशा होता: पोरीजवळची मूठभर माती आण, मी गेलो की माझ्यासंगं ठेव.

"ती एकली हाय तिथं, असं बोलतो," तानी म्हणाली.

मी यादीत तिचं नाव घातलं.

पहाटे चारला निघालेली बस माळशेज चढून दुपारी पोचली. फाटकाशी मी सगळ्यांचे मोबाइल बंद करून एका पिशवीत गोळा केले, कारण मोबाइल चालू असले की आकाशातून येणारे बारीक संदेश दुर्बिणीला ऐकू येत नाहीत. ऊन सौम्य होतं, वारा बोचरा. माहिती सांगायला दीपा नावाची तिथली तरुण मुलगी आली. तिचं एक वाक्य झालं की माझी दोन व्हायची. फाटकाजवळची ती थाळी म्हणजे तारांच्या जाळीची प्रचंड परात, काँक्रीटच्या बुरुजावर कललेली. बुरुजाभोवती हिरवळ, आणि हिरवळीत शेवंती-झेंडूचे वाफे. लोक फोटो काढता येत नाहीत म्हणून कुरकुरत होते.

तानीने दीपाला विचारलं आणि वाफ्यात उतरली. थाळीकडे एकदा मान वर करून बघितलं आणि सरळ चालत गेली, माहेरच्या अंगणात जावं तशी. कललेल्या थाळीचा काठ जिथे जमिनीच्या सर्वांत जवळ येत होता, बरोबर त्याच्याखाली बसली. खुरप्याने गवत बाजूला केलं, वरची भरावाची माती काढली, आणि खालची काळी माती लाडवाच्या डब्यात भरली. डब्यावर हात ठेवून ती रडली. मी मागे उभा होतो.

"जागा बरी सापडली गं इतक्या वर्षांनी," मी म्हणालो.

"पोरीच्या बापानं खूण धरलेली," ती डोळे पुसत म्हणाली. "झाड मरतं, दगड कोण बी उचलतो. म्हणून थाळीचा काठ धरला. एवढं लोखंड कोण हलवणार?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. तिचा डबा भरला होता, जीव शांत झाला होता. पण चुकीचं ऐकलं आणि माझी जीभ वळवळली.

"अगं, ही थाळी फिरते," मी म्हणालो. "चारी दिशांना फिरते. रोज."

तिला आधी पटेना. "तवा फिरत नव्हती."

"तेव्हा मोटरी बसल्या नसतील."

ती दीपाकडे वळली. दीपाने खाली बघत होकारार्थी मान हलवली. तेव्हा थाळीचा काठ कोणत्या बाजूला होता, हे आज कोण सांगणार?

तानीने डबा उपडा केला. पण ती उठली नाही. गुडघ्यांवर सरकत ती बुरुजाभोवती निघाली. हातभर सरकायचं, खुरपं मारायचं, खालची चिमूट माती डब्यात टाकायची. पुन्हा हातभर. दीपाने तिथल्या माळ्याला हातानेच थांबवलं. बसवाला हॉर्न वाजवत होता; मी त्याला जाऊन दरडावलं. पूर्ण फेरी व्हायला सव्वा तास लागला. मला मदत करायची होती, पण माझा हात त्या मातीला लागावा असं मलाच वाटेना. मी आयुष्यात इतका खोटा कधी पडलो नव्हतो, आणि बोललो होतो ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मागोमाग मी पाड्यावर गेलो. जिवल्या खाटेवर होता, चादरीखाली माणूस आहे की नाही कळू नये इतका वाळलेला. तानीने डबा त्याच्या चांगल्या हातात दिला. त्याने बोटं मातीत घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग त्याने तिला नाही, मला विचारलं. शिकलेला माणूस खरं तेच सांगणार, असं त्याला वाटलं असावं.

"साहेब, थाळी तिथंच हाय ना?"

तानी माझ्याकडे बघत होती.

"तिथेच आहे, भाऊ," मी म्हणालो. "तसूभरही हललेली नाही."