झऱ्याची ओटी

सिडनीतल्या पेंडल हिलच्या श्यामलाबाईंचे दिवस लोकांच्या चादरी धुण्यात जात. नवरा गेल्यापासून त्या एका नर्सिंग होमच्या लाँड्रीत होत्या. एकुलती एक लेक यामिनी पर्थला. तिला सातवा महिना लागला आणि कोरोनापायी पर्थची हद्द बंद. त्यांच्या माहेरची रीत अशी, की पोर लांब असेल तर तिच्या नावानं वाहत्या पाण्याची ओटी भरायची. पाणी पोचवतं. फक्त भरणारी सवाष्ण हवी.

त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातल्या सवाष्ण वीणाला, डोंगरातल्या धबधब्याशी येऊन ओटी भरशील का, असं विचारलं.

"काकू, लॉकडाऊन आत्ता कुठे उठलाय. दुकान टाकून धबधब्याला कशी येऊ? तुम्हीच भरा की. देव काय आयडी मागतो?"

"देव नाही मागत गं. माझं मन मागतं."

शनिवारी त्या एकट्याच ट्रेनने डोंगरात गेल्या. वसंत म्हणायचा, पण पाऊस धरूनच होता. झऱ्याकाठी माणसाहून उंच नेचे, निलगिरीच्या लोंबत्या साली, आणि पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. पुढे ते कड्यावरून कोसळत होतं. धुक्यात दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज.

कुणी सवाष्ण आली की तिच्या हातून भरून घेऊ, म्हणून त्या कठड्याशी थांबल्या. एक जोडपं मास्क वर ओढून लांबूनच निघून गेलं. मोज्यात जळू शिरली, ती काढली. मग काठी टेकत एक गोरी म्हातारी आली. श्यामलाबाईंनी धीर केला.

"एक्स्क्यूज मी, आर यू मॅरिड?"

म्हातारी थबकली. "होते. नवरा जाऊन वर्षं झाली. का गं, कुणी शोधून ठेवलाय का माझ्यासाठी?"

श्यामलाबाईंना हसू फुटलं. मोडक्या इंग्रजीत त्यांनी लेक, बाळ, पर्थ, पाणी असं सगळं सांगितलं.

"माझी मेलबर्नला आहे," म्हातारी म्हणाली. "दगड निसरडे आहेत, जपून." आणि गेली.

काठीचा आवाजही विरला. आता कुणी येणार नव्हतं, आणि लेकीचे दिवस थांबणार नव्हते. श्यामलाबाई उथळ पाण्याशी उतरल्या. काठच्या दगडाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. पाण्यात काही टाकायला बंदी, म्हणून तांदूळ, सुपारी, हळकुंड खणात बांधून खण पाण्याला टेकवला. "माझ्या पोरीला सुखरूप मोकळी कर, माय," म्हणाल्या, आणि प्रसाद म्हणून तो परत घेतला.

स्टेशनवर रेंज आली तेव्हा यामिनीचा फोन.

"आई, झालं? कोणी भरली?"

"मी."

"बरं झालं. खण पाठव, बाळाला टोपडं शिवू. फक्त सासूबाईंना सांगू नकोस, कोणी भरली ते."

"नाही सांगत."

गाडी आली. डबा रिकामा होता. त्यांनी ओला खण सोडला, तांदूळ-सुपारी पिशवीत काढून घेतले आणि तो शेजारच्या सीटवर वाळायला पसरला.