हवापालट

इस्त्रीवाल्या मावशींकडे दुपारी चिटपाखरूही फिरकत नाही, असं गल्लीला वाटायचं. साफ चूक! रोज दुपारी त्यांचा नवरा यायचा. आता तो वारला होता हे खरं, पण म्हणून काय झालं? यायचा तो यायचाच.

यायचा आणि खुशाल कपड्यांच्या गाठोड्यावर बसायचा. जिवंतपणी असा बसला असता तर मावशींनी खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं असतं. आता मात्र त्या त्याला बसू द्यायच्या. हातातली कोळशाची इस्त्री शर्टाच्या पाठीवरून सावकाश सरकत राहायची. कोपऱ्यात शेगडी धगधगत असायची. खिडकी गच्च बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, दाराच्या खाली पोतं. पांढऱ्या कपड्यावर रस्त्याची धूळ बसली की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं, म्हणून हा बंदोबस्त. थोड्या वेळाने कानात बारीक गुणगुण सुरू व्हायची, हातपाय जड व्हायचे, समोरची भिंत हळूच मागे सरकायची. खोलीत सायीसारखा मऊ उजेड भरायचा आणि त्या उजेडात हे.

"अगं, चहा टाक की," एवढंच म्हणायचे.

नवरा पाट्या रंगवायचा. एका सकाळी रंगाचे डबे उचलून "येतो गं" म्हणाला, आणि शिडीवरच त्याचं हृदय थांबलं. ना निरोप, ना काही. मावशी तेव्हा रडल्यासुद्धा धड नाहीत, त्या रागावल्या. "येतो म्हणाला आणि गेला, याला काय म्हणायचं?" असं येईल त्याला विचारायच्या. त्यामुळे तो पहिल्यांदा गाठोड्यावर दिसला तेव्हा त्यांना भीती वाटली नाही. बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, शब्द पाळला!

फक्त डोकं भयंकर ठणकायचं. एकदा उभ्या उभ्या घेरी आली आणि समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कोटावर इस्त्रीचं तपकिरी नाक उमटलं. तो कोट घेऊन माफी मागायला गेल्या, तर डॉक्टर रोग्यांच्या गर्दीत बुडालेले. मावशींचं डोकेदुखीचं, कोंदट खोलीचं रडगाणं अर्धंच ऐकून म्हणाले, "कोटाचं राहू द्या मावशी. तुम्ही आधी हवा बदला."

हवा बदला म्हणजे हवापालट, हे कुणीही सांगेल. मावशींनी पिशवी भरली आणि थोरल्या बहिणीचं घर गाठलं.

तिथे डोकं कसं हलकं झालं! भूक लागायला लागली. पण अंगणात बसून दुपारभर वाट पाहिली तरी नवऱ्याचा पत्ता नाही. शेवटी न राहवून बहिणीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "इथे कशाला येईल? माझं नि त्याचं कधी पटलं होतं?"

मावशींना ते पटलं. त्या लगेच परतल्या. शेगडी पेटवली, पोतं लावलं, आणि डोकं ठणकायला लागतंय तोच गाठोड्यावरून आवाज आला, "कुठे उलथली होतीस?" मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कोट वेळेवर गेले नाहीत म्हणून डॉक्टर स्वतःच न्यायला आले. दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि शेगडी, चिंध्या पाहून मागे फिरले. मग श्वास रोखून पुन्हा घुसले, चिंध्या उपटून काढल्या, खिडकी भिंतीवर आपटली.

"अहो मावशी, हवा बदला म्हणालो होतो!"

"बदलली की! बहिणीकडे जाऊन आले."

"या खोलीची! या खोलीची बदला!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "चुकलं माझंच, नीट बोलायला हवं होतं. बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू साठतो. वास येत नाही, दिसत नाही. आधी गुंगी येते आणि मग माणूस उठतच नाही."

मावशींनी इस्त्री खाली ठेवली. "गुंगीत माणसं दिसतात का हो?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दिसतात," ते हळू आवाजात म्हणाले.

त्या दिवसापासून खिडकी उघडी राहिली. धूळ आली, गिऱ्हाइकांची कुरकुर आली, हे मात्र आले नाहीत. मावशींना सगळं कळत होतं हो, पण कळून काय उपयोग? त्यांना चैन पडेना. त्यात मुलीचा निरोप आला. उद्यापासून ती गिरणीत कामावर परतणार होती आणि तान्ह्या लेकीला दिवसभर आजीपाशी ठेवणार होती. म्हणजे यापुढे खिडकी कधीच लावता येणार नाही. मावशींनी मनाची समजूत घातली, आज एकदाच. धड निरोप तरी घेते. आणि त्यांनी पुन्हा चिंध्या कोंबल्या.

गुणगुण आली. भिंत सरकली. हे गाठोड्यावर बसले होते, बोटांना निळा रंग लागलेला.

"नात झालीय आपल्याला," मावशी म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मावशींना लग्नानंतरचे दिवस आठवले. "खरंच? कुणासारखी दिसते?"

"नाक तुमचंच." मावशी हसल्या. किती दिवसांनी दोघं असे बोलत होते. निरोपाचं त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं.

"मला दाखव ना."

"उद्या आणते की इथे," मावशी म्हणाल्या.

बोलून गेल्या, आणि आपणच काय कबूल केलं ते त्यांच्या कानांनी ऐकलं. इथे. या खोलीत. खिडकी लावून. त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. उठायला गेल्या तर पाय आपले नव्हतेच. टेबलाला धरून, मग जमिनीवरून सरपटत त्या खिडकीपाशी पोचल्या. चिंध्या निघता निघेनात. मागून तो आर्जवाने म्हणतच होता, "अगं, एकदाच दाखव."

खिडकी उघडली. गार वारा तोंडावर आला, गल्लीतून सायकलची घंटी ऐकू आली. मावशी चौकटीला घट्ट धरून कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. मागे वळून पाहिलं नाही.

"नाही हो," त्या रडत म्हणाल्या, "ती नाही दिसायची तुम्हाला."