इकोनंतरची अंबाडी

शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली, माझ्या वर्गातली मुलं डबे उघडत होती, तेवढ्यात दादाचा फोन आला. "तुही वयनी गेली..." एवढंच तो बोलला. आसगावच्या आमच्या घरची मोठी सून, सुमनवहिनी. हृदयाचं दुखणं घेऊन ती इतकी वर्षं हसत वावरली की एक दिवस हे होणार, याचाच आम्हाला विसर पडला होता. आता काही आठवडे उलटले, तरी गावचा फोन वाजला की तीच असेल असं वाटतं.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. तशात धानाच्या रोवणीत तिला धाप लागायला लागली. मी भंडाऱ्यात राहते, म्हणून तपासणीला मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी टू-डी इको सांगितला. अंधारी खोली, डाव्या कुशीवर झोपलेली वहिनी, छातीवर थंडगार जेल. पडद्यावर तिचं रक्त लाल-निळं होऊन धावत होतं आणि एका जागी सगळे रंग एकमेकांत घुसत होते. मग डॉक्टरांनी त्या प्रवाहाचा आवाज लावला. वहिनीनं मान वळवली. "हे माह्या छातीतलं होय? आपल्या तलावाचं तुडूम उघडून पाटात पाणी सोडलं का असंच वाजते ना, बाई!"

डॉक्टर हसले नाहीत. झडप अरुंद झाली आहे, रक्त तिथून जोर लावून निघतंय, शिवाय थोडं मागेही गळतंय, असं त्यांनी समजावलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का? आला होता. औषधं कायमची लागतील, म्हणाले, "आणि मूल होऊ देऊ नका. जिवावर बेतेल." वहिनी टॉवेलनं जेल पुसत होती. छाती कोरडी झाली तरी पुसतच राहिली.

त्या सेंटरच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'सोनोग्राफी' लिहिलेलं. आम्हाला बाहेर पडताना गावातल्या कुणीतरी पाहिलं, आणि सोनोग्राफीचा आमच्या गावात अर्थ एकच. आम्ही एसटीतून उतरलो, तर बातमी आधीच पोचलेली. संध्याकाळी शेजारच्या पार्बताकाकू पितळी वाटीत अंबाडीची आंबट भाजी घेऊन हजर. "लपवतं काहून वो? खाय, पोटातलं मांगते!"

मी बोलणार, तर वहिनीनं माझा हात दाबला, भातावर भाजी घेतली आणि वाटी पुसून खाल्ली. काकू गेल्यावर मी चिडले, "सांगतलं काहून नाई?"

"एवढ्या मायेनं मले कोणी कधी आणून देल्लं, बाई? एक डाव खाऊ दे..." त्या रात्री मी पांघरुणात तोंड घालून रडले.

सकाळी तिनं वाटीत गूळ घातला, कारण आलेलं भांडं ती कधी रिकामं परत करायची नाही. काकूंच्या अंगणात उभी राहून स्वतःच म्हणाली, "काकू, पोटात काई नाई. छातीची झडप बिघडली. पोटात आता कधी राहाचंच नाई." काकूंनी तिला छातीशी धरलं. तेव्हापासून दर वर्षी इको करून आलो की संध्याकाळी तीच वाटी भरून यायची. "माह्या झडपेचे डोहाळे पुरवून राहिल्या काकू," अशी वहिनी थट्टा करायची आणि काकू तिला रागं भरायच्या.

शेवटच्या इकोला डॉक्टरांनी आवाज लावला नाही. "आज नाई ऐकवत?" तिनं विचारलं. त्यांनी लावला. पाण्याचा तो जोर आता नव्हता, तरी ती ऐकत राहिली. "तलाव उतरला, बाई," म्हणाली आणि टॉवेलसाठी हात पुढे केला.

तेरवीनंतर मांडणीत काकूंची ती वाटी दिसली, धुऊन पालथी घातलेली. मी तिच्यात नवे तांदूळ भरले आणि काकूंकडे गेले. त्यांनी तांदूळ सुपात ओतले, आत गेल्या आणि वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटीत अंबाडी होती.

"काकू, आता कायले?"

"तू भंडाऱ्याहून आली ना, पोरी... हात थांबत नाई माहा."

मी वहिनीसारखीच वाटी पुसून खाल्ली. ती वाटी आता माझ्या भंडाऱ्याच्या घरी आहे. रिकामी परत करायची नाही, हे मला माहीत आहे. तिच्यात काय घालू, ते मात्र सुचत नाही.